माडावरचा गेंड्या भुंगा: आधी खड्डा, मग शेंडा

नवी झावळ उघडली आणि तिच्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की आपल्याकडचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. दुकानात जाऊन 'काहीतरी कडक द्या' म्हणतो, नाहीतर पाडेल्याला (नारळ उतरवणाऱ्याला) वर चढवून शेंड्यात मीठ आणि राख ओतून घेतो. पुढच्या पावसात पुन्हा तेच त्रिकोण. तोवर घरामागच्या शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या आरामात वाढत असतात, आणि भुंगे होऊन त्याच माडांवर जातात.

म्हणजे खरी चूक औषधापेक्षा क्रमात असते. खाली तो क्रम दिलाय, कोकण आणि गोव्यातल्या वाड्या डोळ्यांसमोर ठेवून. सुरुवात एप्रिलमध्ये करा, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात. भुंगा वर्षभर असतो, पण त्याचा जोर जून ते सप्टेंबर. पाऊस लागल्यावर खड्डा उपसता येत नाही आणि निसरड्या माडावर कुणी चढत नाही.

## तयारी: हाताशी काय हवं

- लोखंडी सळीची आकडी, साधारण दीड फूट लांब, टोकाला माशाच्या गळासारखा उलटा काटा
- निंबोळी किंवा करंज पेंड (माडामागे एका वेळी 250 ग्रॅम) आणि तितकीच बारीक वाळू
- डांबर गोळ्या
- मेटारायझियम बुरशीची पावडर
- मासेमारीचं जुनं, बारीक धाग्याचं नायलॉन जाळं
- गेंड्या भुंग्याचा कामगंध सापळा (वासाने भुंगे ओढणारा), हेक्टरी एक
- ऑइल पेंटचा छोटा डबा आणि एक वही

वही हसण्यावारी नेऊ नका. तिचं काम शेवटी येईल.

## टप्पा 1: समोर आहे तो गेंड्याच का?

गेंड्या भुंगा साडेतीन ते पाच सेंटिमीटर लांब, काळा किंवा काळसर तपकिरी, अंगाने चकचकीत. डोक्यावर मागे वळलेलं एक शिंग, नराचं लांब आणि मादीचं आखूड. पण शिंगावरून नर-मादी ठरवायला जाल तर फसाल, कारण लहान नरांचं शिंगही आखूडच असतं. भुंगा उलटा करा आणि पोटाचं मागचं टोक पाहा. तिथे तांबूस केसांचा दाट झुपका असेल तर मादी. सापळा लावल्यावर हे कामाला येतं.

दोन गफलती नेहमी होतात.

पहिली शेणकिड्याची. पावसाच्या सुरुवातीला ओटीवरच्या दिव्याखाली शिंगवाले काळे किडे येऊन धडपडतात, आणि पोरं 'गेंड्या, गेंड्या' करत ते चपलेने मारतात. शेणकिडा आखूड आणि गोलसर असतो, डोकं पुढून फावड्यासारखं पसरट. तो शेण जमिनीत गाडतो, माडाकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला मारून आपलंच नुकसान.

दुसरी सोंड्याची, आणि ही महागात पडते. सोंड्या भुंगा लालसर तपकिरी, पुढे लांब सोंड. माड खोडातून पोखरतात त्या त्याच्या अळ्या. खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट रस गळत असेल, खोडाला कान लावल्यावर करकर ऐकू येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच कृषी अधिकाऱ्याला बोलवा. गेंड्या एकट्याने मोठा माड सहसा मारत नाही. पण त्याने केलेल्या जखमेत सोंड्या अंडी घालतो, आणि सोंड्या माड मारतो. गेंड्याचा बंदोबस्त करायचं निम्मं कारण हेच.

त्रिकोण का पडतात? भुंगा रात्री शेंड्यात उतरतो आणि सुरळीला, म्हणजे मधल्या न उघडलेल्या झावळीला, आडवं भोक पाडतो. त्या वेळी झावळ पंख्यासारखी मिटलेली असते. पताका करताना कागदाच्या घडीला एकच कात्री मारली तरी उघडल्यावर दोन्ही बाजूंना सारखी नक्षी निघते, तसंच हे. एक भोक, आणि उघडल्यावर दोन्हीकडे ओळीने कातरे.

सावधान: आज दिसतोय तो कातरा आजचा नाही. माडाला महिन्याला साधारण एक नवी झावळ येते, आणि सुरळीत पडलेलं भोक ती झावळ पूर्ण उघडल्यावरच खालून दिसतं. म्हणजे तुम्ही पाहताय ते काही महिन्यांपूर्वीचं काम. 'औषध घातलं तरी कातरलेली झावळ आली' म्हणून कुणी औषध बदलतो, कुणी पाडेल्याला दोष देतो. दोन्ही चुकीचं. आजचा भुंगा ओळखायचा तो सुरळीच्या बुडाशी बाहेर आलेल्या ताज्या, ओलसर चोथ्यावरून. नारळ खवल्यासारखा दिसतो. चोथा कोरडा आणि तपकिरी पडलेला असेल तर भुंगा केव्हाच निघून गेलाय.

तपासणी: हाताला पोचतील अशा पाच-सहा माडांवर सर्वांत वरच्या उघडलेल्या झावळीच्या देठाला रंगाचा ठिपका द्या. यापुढे हिशोब धरायचा तो ठिपक्याच्या वर येणाऱ्या झावळ्यांचाच, आणि त्यातही पहिल्या तीन-चार सोडून.

## टप्पा 2: जमिनीवरची शोधाशोध

आता माडाकडे पाठ करा आणि वाडीभर खाली बघत फिरा. भुंग्याचं लहानपण झाडावर जात नाही, कुजणाऱ्या ओल्या पसाऱ्यात जातं. मादी अशाच जागी अंडी घालते, आयुष्यभरात सुमारे शंभर. 8 ते 12 दिवसांत अंडी फुटतात. अळी तीन महिन्यांपासून साडेसहा महिन्यांपर्यंत कुजकं खाते, मग तीन-चार आठवडे कोषात. बाहेर पडलेला भुंगा पुढे कित्येक महिने जगतो.

शोधायच्या जागा, महत्त्वाच्या क्रमाने:

1. शेणखताचा खड्डा (आमच्याकडे गायरी), विशेषतः वर्षभर न हलवलेला
2. वीज पडून किंवा सोंड्याने मेलेला, अजून उभा असलेला माड
3. तोडलेल्या माडाचे बुंधे आणि आडवे पडलेले ओंडके
4. सोडणं (नारळाची सालं) आणि काथ्याच्या भुश्याचा ढीग
5. लाकडाच्या वखारीचा भुसा, पालापाचोळ्याचा जुना ढीग, गांडूळखताचे जुने वाफे

दुसऱ्या क्रमांकाची जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. मेलेला माड 'पडेल कधीतरी' म्हणून वर्षानुवर्षं उभा असतो. वरून आत कुजत जातो आणि आत अळ्यांचं वसतिगृह चालतं. खड्डा कितीही साफ ठेवलात तरी असा एक माड वाडीभर भुंगे पुरवू शकतो.

शेजाऱ्याची वाडीही बघा. भुंग्याला सातबारा कळत नाही. शेजारच्या काकांची गायरी तुमच्या माडांपासून पन्नास पावलांवर असेल तर त्यांच्याशी बोलणं हा या कामाचाच एक टप्पा समजा. त्यांच्या खड्ड्यात हात घालायला तुम्हीच गेलात तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

## टप्पा 3: मेलेलं लाकूड हलवा

उभा मेलेला माड पाडा, दोन-अडीच फुटांचे तुकडे करा आणि ते उभे चिरा. चिरणं महत्त्वाचं, कारण अख्खा ओंडका बाहेरून सुकला तरी आत महिनोन्महिने ओला राहतो. चिरलेलं लाकूड एप्रिल-मेच्या उन्हात वाळतं आणि सरपणाला येतं. बुंधा खणून काढता आला तर उत्तम. नाही आला तर त्यावर मातीचा जाड थर चढवून घट्ट दाबा, म्हणजे मादीला आत शिरायला वाट राहणार नाही.

सावधान: तुकडे करून वाडीच्या कोपऱ्यात सावलीत रचून ठेवणं म्हणजे एका खोलीतल्या भुंग्यांना चार खोल्या देणं.

## टप्पा 4: खड्डा

सगळ्या कामातला हा सर्वांत घाणेरडा आणि सर्वांत उपयोगी दिवस. कोकणात भाताच्या शेतासाठी मेमध्ये खत निघतंच, त्याच दिवसाला हे जोडा.

4.1 खत पूर्ण उपसा. वरचं काढून खालचं ठेवायचं नाही. अळ्या ओल धरून खाली आणि कडेला असतात. खड्ड्याच्या भिंतीही टिकावाने खरवडा. तिथे मातीचे अंड्याच्या आकाराचे गोळे निघतील, त्यांत कोष असतात. ते गोळे फोडा.

4.2 अळी ओळखा. गेंड्याची अळी मळकट पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, डोकं तपकिरी. पूर्ण वाढली की अंगठ्यापेक्षा जाड होते. पण खड्ड्यातली प्रत्येक पांढरी अळी गेंड्याची नसते. फुलांवर येणाऱ्या हिरव्या-तपकिरी भुंग्यांच्या अळ्याही तिथे असतात, आणि त्या फक्त खत बारीक करतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. अळी सपाट फरशीवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. पाठीवर उलटी पडून, पाय वर करून सरपटत निघाली तर ती फुलभुंग्याची, परत खतात टाका. गेंड्याची अळी कुशीवर वळून पडते, हलली तर पायांच्याच बाजूने. मला पहिल्यांदा हे कुणी सांगितलं तेव्हा थट्टा वाटली होती. पण ओटीवर दोन्ही शेजारी ठेवल्या, आणि एक खरोखरच पाठीवरून चालत उंबऱ्यापर्यंत गेली.

'हुमणी' म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. शेतात जिवंत मुळं खाणारी हुमणी वेगळी, तिचे उपायही वेगळे.

4.3 वेचा. गेंड्याच्या अळ्या बादलीत गोळा करा आणि कोंबड्यांना टाका. कोंबड्या नसतील तर उकळतं पाणी. गेल्या मेमध्ये आमच्या दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद खड्ड्यातून 140 च्या वर निघाल्या. त्यातल्या निम्म्या जरी भुंगे झाल्या असत्या तरी वाडीतल्या प्रत्येक माडाला एक मिळाला असता.

4.4 बुरशी मिसळा. खत परत भरणार असाल तर त्यात मेटारायझियम मिसळा. ही मातीतली बुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते आणि तिला मारते. शिफारस घनमीटरमागे 5×10¹¹ बीजाणूंची आहे. लोक इथे 'एक पाकीट टाकलं' असं मोजतात आणि फसतात. पाकिटावर दर ग्रॅममध्ये किती बीजाणू आहेत ते वाचा. 1×10⁸ असतील तर घनमीटरला 5 किलो लागतील, 1×10⁹ असतील तर अर्धा किलो. फरक दहा पटींचा आहे. मोठ्या खड्ड्याला हा खर्च अंगावर येतो, म्हणूनच आधी हाताने वेचायचं, खत शेतात घालून ढीग लहान करायचा, आणि उरलेल्या ढिगालाच बुरशी द्यायची.

पावडर पाण्यात कालवून थराथरावर शिंपडा आणि प्रत्येक थर खताने झाका. बुरशीला ओल हवी, ऊन नको. दुपारच्या उन्हात उघड्या ढिगावर शिंपडलेली बुरशी म्हणजे पैसे वाळत घातल्यासारखं. त्याच खड्ड्यात बुरशीनाशक किंवा त्याचं धुवणही जाऊ देऊ नका.

काही आठवड्यांनी ढीग उकरलात तर मेलेल्या अळ्या आधी पांढऱ्या बुरशीने माखलेल्या आणि मग हिरव्या पडलेल्या दिसतील. त्या हिरव्या अळ्या बाहेर फेकू नका. कुस्करून ढिगात परत मिसळा, पुढच्या अळ्यांसाठी फुकटचं औषध आहे ते.

पावडर मिळाली नाही तर भांडीर हे झुडूप आहे, काही भागांत कारी म्हणतात. रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या फुलांचे झुबके येणारं. ते पाल्यासकट तोडून खताच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं खड्ड्यात मिसळलं की अळ्यांची वाढ बिघडते. बुरशीइतकं खात्रीचं नाही, पण कोयत्याशिवाय काही लागत नाही.

4.5 पुन्हा हलवा. अळीला भुंगा व्हायला किमान चार महिने लागतात. दर दोन महिन्यांनी खड्डा ढवळला आणि वेचला तर एकही पिढी पूर्ण होत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान ढिगावर जाळं पसरून कडा मातीत दाबाव्यात. आतले भुंगे आत अडकतात, बाहेरच्या माद्या आत शिरत नाहीत. अडकलेले मात्र आठवड्याला काढून मारावे लागतात.

तपासणी: खड्डा भरून महिना झाल्यावर तीन ठिकाणी फूटभर खोल उकरा. जिवंत, गुबगुबीत अळ्या मिळाल्या तर 4.3 वर परत या. शेंड्याचं काम तोवर सुरू झालं असेल तर चालू राहू द्या, पण ते पुरेल असं समजू नका.

## टप्पा 5: शेंडा साफ करणं

चढायचं काम पाडेल्याचं किंवा माडावर चढायच्या यंत्राची सवय असलेल्याचं. 'मी लहानपणी चढायचो' हा अनुभव या कामाला धरू नका. खाली एक माणूस हवाच.

वर गेल्यावर क्रम असा:

1. वाळलेल्या झावळ्या, पिडे (झावळ्यांची बुडं), सुकलेल्या पोया (फुलोऱ्याची आवरणं) आणि जाळीसारखी सालं काढा. हिरवी झावळ तोडू नका. बरेच जण 'हवा खेळू दे' म्हणून हिरव्या झावळ्याही छाटतात. माडाची ताकद जाते, आणि ताज्या जखमांच्या वासाने सोंड्या येतो.
2. कोंबाभोवती भोक आणि चोथा शोधा.
3. ताजा चोथा असेल तर आकडी भोकात भोकाच्याच दिशेने हळूहळू सरकवा. कठीण काही लागलं की अर्धा वेढा फिरवा आणि ओढा. भुंगा काट्याला लागून येतो. दोन-दोन असू शकतात, म्हणून पुन्हा एकदा घाला.
4. भोकातला चोथा काढून पेंड आणि वाळूचं मिश्रण आत दाबा.

सावधान: भोक खाली उतरत गाभ्याकडे गेलं असेल तर आकडीने जोर लावू नका. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. आकडी त्यात घुसली तर भुंग्याला जमलं नसतं ते तुम्ही केलंत.

मोठ्या माडावर आकडी वापरणं खर्चिक आहे, चढायची मजुरी भुंग्यागणिक मोजा. नारळ उतरवायच्या वेळीच हे करून घ्या. पाडेल्याला आधी सांगून ठेवा आणि चार पैसे जास्त द्या. आकडीसाठी वेगळं चढणं फक्त पाच-सात वर्षांच्या आतल्या माडांनाच परवडतं, आणि तिथे शिडी पुरते.

## टप्पा 6: बेचकी भरणं

साफ केलेला शेंडा मोकळा ठेवायचा नाही. भुंगा शिरतो तो कोंबाजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांतून, म्हणजे देठ खोडाला मिळतो तिथल्या खाचांतून. तीच भरायची, बाकीची नाहीत.

पेंड आणि वाळू. 250 ग्रॅम निंबोळी किंवा करंज पेंड आणि तितकीच वाळू, तीन आतल्या बेचक्यांत वाटून. वर्षातून तीनदा: एप्रिल-मे, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि डिसेंबर-जानेवारी. वाळू नुसती भर म्हणून नसते. भुंगा शिरताना ती त्याच्या सांध्यांत जाते आणि त्याला नकोशी होते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पुळणीची वाळू आणण्याआधी गोड्या पाण्याने धुवा.

डांबर गोळ्या. लहान माडांना 12 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन-चार गोळ्या, आतल्या बेचक्यांत ठेवून वर बारीक वाळू. दर 45 दिवसांनी नव्या. वाळू न घालता ठेवलेल्या गोळ्या उन्हात पंधरवड्यात उडून जातात, आणि 'गोळ्यांनी काही होत नाही' असं लोक सांगत फिरतात.

दाणेदार कीटकनाशक. भोकं पाडलेल्या छोट्या पुडीत क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल 0.4 टक्के दाणेदार 5 ग्रॅम, आतल्या दोन बेचक्यांत एकेक पुडी. हे शेवटचं हत्यार आहे, पहिलं नाही. लेबल वाचून, हातमोजे घालून, आणि कृषी विद्यापीठाच्या सध्याच्या शिफारशीशी ताडून मगच वापरा. शहाळ्यांसाठीच्या माडांवर नकोच.

जुनी माणसं अजून 'दहा जी'ची पुडी मागतात, म्हणजे फोरेट. ते 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. कुणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो माडावर जाऊ नये. मीठ शेंड्यात ओतणंही बंद करा. भुंग्याला त्याने काही होत नाही, कोवळा कोंब मात्र भाजतो.

## टप्पा 7: रोपं असतील तर जाळं

लावणीनंतरची पहिली तीन-चार वर्षं सर्वांत नाजूक. मोठ्या माडाची एक झावळ गेली तर चालतं, रोपाचा कोंबच गेला तर वर्ष जातं, कधी रोपच जातं. इथे मासेमारीचं जुनं जाळं उत्तम काम करतं. गुआम बेटावरही हाच उपाय वापरतात. आपल्या किनाऱ्यावर रापणकरांकडे फाटकी जाळी पडून असतात.

बारीक, पारदर्शक धाग्याचं जाळं घ्या. डोळा इतका की भुंग्याचं डोकं आणि पुढचे पाय आत जातील, धड जाणार नाही. दोन-तीन थर करून कोंबाच्या बुडाभोवती सैल गुंडाळा. ताणून बांधलं तर भुंगा त्यावरून चालत जातो. सैल जाळ्यात पायांचे काटे अडकतात आणि सुटायच्या धडपडीत तो आणखी गुरफटतो.

दर पंधरवड्याला दोन कामं: अडकलेले भुंगे काढणं आणि नवी सुरळी वर सरकली की जाळं वर घेणं. हे विसरलात तर झावळ जाळ्यातच उघडू पाहते आणि वाकडी होते. जाळ्यात कधी सरडा किंवा साप सापडतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने हलवून बघा.

## टप्पा 8: सापळा सगळ्यात शेवटी

कामगंध सापळा लोकांना सर्वांत आधी हवा असतो, कारण तो विकत मिळतो आणि लटकवला की काम झाल्यासारखं वाटतं. नराच्या शरीरातून सुटणाऱ्या गंधाचीच ती नक्कल असते. त्या वासाने माद्याही येतात आणि नरही.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी सापळा दोन वर्षांच्या रोपांच्या बरोबर मधोमध लावला, कारण त्रास तिथेच होता. दोन आठवड्यांत बादलीत भरपूर भुंगे आले आणि मी खूश. तिसऱ्या आठवड्यात पाच रोपांचे कोंब भोकं पडलेले. वास ओढून आणतो, पण आलेला प्रत्येक भुंगा बादलीत पडत नाही. काही आजूबाजूला उतरतात, आणि आजूबाजूला माझी रोपं होती.

म्हणून:

- हेक्टरी एक सापळा, वाडीच्या कडेला, रोपांपासून जितका लांब जमेल तितका. माडाच्या खोडाला बांधायचा नाही, वेगळा खांब रोवायचा.
- बादलीच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं. आपल्या पावसात नाहीतर बादली भरून भुंगे पोहत काठाला येतात.
- गंधाची पुडी फाडायची नाही. ती आतून हळूहळू झिरपावी अशीच बनवलेली असते. तंबाखू मळलेल्या किंवा डांबर गोळ्या हाताळलेल्या हाताने धरायची नाही.
- पाकिटावरचं नाव वाचून घ्या. गेंड्याचा गंध आणि सोंड्याचा गंध वेगवेगळे. एका दुकानात मला बिनदिक्कत सोंड्याचा दिला होता, महिनाभर रिकामी बादली बघत बसलो.
- आठवड्यातून एकदा भुंगे काढा, मोजा, उलटे करून माद्या वेगळ्या मोजा.

सापळ्याला पैसे नसतील तर मातीच्या मडक्यात एक किलो एरंड पेंड पाच लिटर पाण्यात भिजवून वाडीच्या कडेला ठेवा. आंबलेल्या वासाने भुंगे येतात आणि बुडतात. वास माणसालाही लांबून येतो, तेव्हा जिकडून घराकडे वारा येतो त्या बाजूला नको. गुरं आणि कुत्री तोंड घालणार नाहीत असं झाका, एरंड पेंड त्यांना विषारी.

एक उपाय आपल्या हातातला नाही, पण माहीत असावा. या भुंग्याला मारणारा एक विषाणू आहे. हेक्टरी 12 ते 15 भुंग्यांना त्याची लागण करून सोडलं की ते तो खड्ड्याखड्ड्यात पोचवतात. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर याचा चांगला परिणाम दिसला. हे काम संस्थेमार्फतच होतं. कासरगोडची केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्था किंवा रत्नागिरीजवळचं भाट्ये इथलं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र इथे चौकशी करा. गावातल्या पाच-दहा वाड्या मिळून गेलात तर जास्त ऐकून घेतात.

## टप्पा 9: वही आणि दिवाळीची तपासणी

वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, सापळ्यातले भुंगे (त्यात माद्या किती), आकडीने काढलेले, खड्ड्यातल्या अळ्या. आठवड्याला एक ओळ.

पहिल्या पावसानंतर सापळ्यातला आकडा वाढेल, त्याला घाबरू नका. जुलै-ऑगस्टमध्येही तो उतरत नसेल आणि तुमचा खड्डा साफ असेल, तर भुंगे बाहेरून येतायत. टप्पा 2 ची फेरी पुन्हा मारा, या वेळी शेजारच्या दोन वाड्या धरून. आमच्याकडे एकदा कारण सापडलं ते बंद घराच्या परसात. मुंबईला गेलेल्यांच्या घरामागे तीन वर्षांचा सोडणांचा ढीग होता.

दिवाळीच्या आसपास रंगाचे ठिपके शोधा आणि ठिपक्याच्या वरच्या झावळ्या मोजा. पहिल्या तीन-चारांवर कातरे असतील, ते मागचं देणं. त्यांच्या वर सुरळ्या अखंड असतील तर याच गतीने चालू ठेवा. वरच्याही कातरलेल्या असतील तर टप्पा 4 ची तपासणी आजच करा.

आणि एखाद्या माडाची मधली सुरळी पिवळी पडून कलली असेल, हलक्या हाताने ओढल्यावर निघून येत असेल आणि बुडाला कुजका वास असेल, तर ते गेंड्याचं काम राहिलेलं नाही. कोंब कुजतोय. कुजलेला भाग निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापून काढा, दहा टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावा, वर पाणी जाणार नाही असं झाका, आणि आजूबाजूच्या माडांच्या शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. कापलेला भाग गायरीत टाकू नका, जाळा.